मारिओ, मी आणि मधला दुभाषी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो दोन वर्षांपूर्वी, शाबान महिन्यात. नवा नव्हे. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, अमरावतीच्या एका दुकानातून आणलेला. आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. निमित्त मुलाच्या अभ्यासाचं होतं, माझ्या प्रश्नपत्रिका घरीच टाइप होतील हा माझा स्वार्थ होता, आणि मुलांच्या अब्बूंना संत्र्याच्या गाड्यांचा हिशेब वहीतून बाहेर काढायचा होता. वहीतला हिशेब अजून वहीतच आहे. प्रश्नपत्रिका मात्र टाइप होतात.

आणखी एक ठराव त्या दिवशी झाला होता. मुलाच्या हातात मोबाइल द्यायचा नाही. खेळायचं तर बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर, असरनंतर तासभर. साहेबजादे लगेच कबूल झाले. मोबाइलवरचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम मिळतो, त्याला इम्युलेटर म्हणतात, हे त्याला मावसभावाकडून कळलं होतं. तो त्यानं टाकला, त्यात क्रिकेटचा एक खेळ टाकला, आणि पहिल्याच संध्याकाळी चेहरा पाडून बसला. "अम्मी, ये तो अटक-अटक के चल रहा."

खरंच अटकत होता. गोलंदाज धावत यायचा, मध्येच थबकायचा, आणि पुन्हा दिसायचा तेव्हा चेंडू यष्टीरक्षकाच्या हातात. बॅट त्यानंतर फिरायची. आवाजसुद्धा तुटत होता. गंमत म्हणजे तोच खेळ मुलांच्या अब्बूंच्या आठ हजारांच्या मोबाइलवर लोण्यासारखा चालायचा. परतवाड्याला मावसभावाच्या लॅपटॉपवरही ठीक चालत होता, आणि तो लॅपटॉप काही फार नवा नव्हता. मी दुकानदाराला फोन लावला. "मॅडम, त्याच्यात ग्राफिक कार्ड टाका लागते. नऊ हजार धरून चाला." नऊ हजारांत धाकटीची वर्षभराची फी आणि व्हॅनचं भाडं निघतं. मी मुलाला सांगितलं, जे आहे त्यात खेळ, नाहीतर खेळू नकोस.

ठरावाचं पुढं काय झालं ते घरोघरी ठाऊक असेल. आठ-दहा दिवसांनी रात्री पाण्याला उठले तर पांघरुणाखाली उजेड. अब्बूंचा मोबाइल. दुसऱ्या दिवशी घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. चार दिवस बाप-लेक एका दस्तरख्वानावर बसूनही बोलत नव्हते. मुलगा एवढंच म्हणाला होता, "मैंने तो कॉम्प्युटर पे ही खेलना चाहा था." ते मला टोचलं, कारण ते खरं होतं.

मग त्यानं माझी समजूत काढायची एक युक्ती केली. "अम्मी, तुमच्या लहानपणीचा मारिओ बघा." आणि पडद्यावर ते निळं आभाळ, त्या विटा, ती धून.

इथं थोडं मागं जावं लागेल. माझं बालपण अचलपूरचं. नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, तो भावांसाठी. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो खेळ असल्याचं छापलेलं, आणि खरे खेळ आठ-दहाच, तेच तेच फिरून येणारे. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. दोन रिमोट, दोन भाऊ. माझी पाळी दुपारी, ते बाहेर गेले की. अम्मी झोपलेली असायची आणि मी आवाज बंद करून मारिओ खेळायची. आवाजाविना खेळल्यानं असेल, मला सगळं नजरेनं आणि अंगठ्यानं पाठ झालं. कुठल्या विटेवरून पाऊल उचलायचं, किती वेळ बटण दाबून धरायचं. एकदा थोरल्या भाईजाननं पाहिलं आणि त्याला कळलं की मी त्याच्यापेक्षा तीन फेऱ्या पुढं आहे. त्यानं अम्मीला सांगितलं नाही, ही त्याची मेहरबानी.

तर तो मारिओ मी तीस वर्षांनी हातात घेतला आणि पहिल्याच तपकिरी मशरूमला धडकून मेले. पुन्हा. पुन्हा. पुढं खड्डा आला, त्यात पडले. मुलगा हसला, धाकटी हसली. मी पण हसले, पण स्वयंपाकघरात गेल्यावर बोटं उघडझाप करून पाहिली. सांधे सकाळी आखडतात हल्ली. म्हटलं, गेला तो हात आता.

म्हणजे घरात एकाच यंत्रावर दोन निकाल लागले होते. मोबाइलचा खेळ अटकतो, कारण कॉम्प्युटर फालतू. मारिओ जमत नाही, कारण अम्मी म्हातारी. दोन्ही निकाल चुकीचे निघाले.

ते समजावून सांगितलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, ईदला गावी आली की शीरखुर्मा प्यायला येते. तिनं आधी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्ही उर्दूतला धडा मराठीतून शिकवता तेव्हा किती वेळ जास्त लागतो?"

प्रत्येक प्रोसेसरची एक भाषा असते. जवळजवळ सगळ्या मोबाइलमधल्या चिप एआरएम नावाची भाषा बोलतात. आमच्या डबड्यातली इंटेलची चिप एक्स-86 बोलते. मारिओचं जुनं यंत्र तर तिसरीच भाषा बोलायचं, 6502 घराण्यातल्या चिपची. इम्युलेटर म्हणजे मध्ये बसवलेला दुभाषी. खेळ आपल्या भाषेत हुकूम सोडतो, दुभाषी तो ऐकतो, समजून घेतो, आणि या घरच्या चिपला तिच्या भाषेत सांगतो. साधा दुभाषी असेल तर हे एकेका हुकमाला करावं लागतं, आणि खेळाच्या एका हुकमासाठी आपल्या चिपला दहा-वीस किंवा जास्तही हुकूम पाळावे लागतात. म्हणून कागदावर बलवान असलेलं यंत्र कागदावर दुबळ्या असलेल्या मोबाइलपुढं हरतं. मोबाइल मातृभाषेत खेळत असतो.

हे ऐकताना मला आमच्या गावाची आठवण आली नसती तरच नवल. रिद्धपूर महानुभावांची काशी. लीळाचरित्र म्हाइंभटांनी इथंच लिहिलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथंच सुरू झालं आहे. महानुभावांनी पुढं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठीच, पण अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं. नवख्याला किल्लीचा तक्ता शेजारी ठेवून वाचावं लागतं, एक अक्षर पोथीत, एक तक्त्यात, एक पोथीत, एक तक्त्यात. पण ज्याचा सराव झाला त्याला पूर्ण शब्द दिसतो, नेहमीची वाक्यं तर डोळा पडताच उलगडतात.

"अगदी तसंच," ती म्हणाली. चांगले इम्युलेटर एकेक हुकूम उलगडत बसत नाहीत. हुकमांचा आख्खा तुकडा एकदा भाषांतरित करतात आणि जपून ठेवतात. खेळ पुन्हा त्याच जागी आला की तयार भाषांतर वापरतात. ॲपलनं 2020 मध्ये आपल्या कॉम्प्युटरमधल्या इंटेलच्या चिप काढून स्वतःच्या एआरएम चिप बसवायला सुरुवात केली, तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून रोझेटा 2 नावाचा दुभाषी दिला. तो बहुतेक भाषांतर आधीच उरकतो, त्यामुळे जुना प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना वेळ घेतो आणि नंतर सुरळीत चालतो. शिवाय चिप बनवतानाच दुभाष्याची सोय पाहून तिच्यात काही गोष्टी ठेवल्या होत्या. काही खेळ तर जुन्या इंटेलच्या मॅकपेक्षा या अनुवादित रूपात जोरात पळाले, कारण चिपच तेवढी दमदार होती. तेव्हा दुभाषी असला की खेळ अटकणारच असंही नाही. दुभाषी कसा आहे आणि घर कसं आहे, दोन्ही पाहावं लागतं.

मग तिनं आमच्या घराकडं पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चालू होता होता एक बटण दाबलं, आणि निळ्या पडद्यावर इंग्रजी यादी आली. त्यात एका ओळीपुढं ‘बंद’ असं होतं. व्हर्च्युअलायझेशन. तिनं ते चालू केलं.

ही काय भानगड? मोबाइलचा इम्युलेटर फक्त खेळ चालवत नाही, तो कॉम्प्युटरच्या पोटात आख्खा एक मोबाइल, आख्खं अँड्रॉइड उभं करतो. हा पाहुणा. यजमान विंडोज. पाहुण्यानं मोरीचा नळ सोडला तरी यजमानाला विचारायचं, दिवा लावला तरी विचारायचं, असं असेल तर दोघांचाही दिवस त्यातच जातो. इंटेल आणि एएमडी यांनी 2005-06 च्या सुमाराला चिपमध्येच पाहुण्यासाठी वेगळी खोली बांधायला सुरुवात केली. पाहुणा आपल्या खोलीत मोकळेपणानं वावरतो, यजमानाला फक्त अडलं तर हाक मारतो. आमच्या चिपमध्ये ती खोली होती. तिला कुलूप होतं, एवढंच. ऑफिसातून निघालेल्या यंत्रांत पुष्कळदा असतं. परतवाड्याच्या लॅपटॉपमध्ये ते उघडं होतं.

त्या संध्याकाळी गोलंदाज धावत आला आणि चेंडू टाकूनच थांबला. मुलाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

तरी पंधरा मिनिटांनी थोडं अटकलंच. ते रॅममुळं. 4 जीबीतला निम्मा वाटा पाहुण्यानं मागितला, उरलेल्यात विंडोजचं भागेना, मग ती जुन्या हार्ड डिस्कवर सामान ने-आण करत बसली. अमरावतीहूनच 4 जीबीची जुनी पट्टी सातशे रुपयांत आणवली. एवढ्या खर्चात प्रकरण बरंच निवळलं. पूर्ण निवळलं नाही. काही खेळ फक्त एआरएमच्या भाषेतच मिळतात, त्यांना पाहुण्याच्या खोलीतही पुन्हा दुभाषी लागतो, ते आमच्याकडं आजही जड चालतात. चित्रं रंगवण्याचे हुकूमही मोबाइलच्या पद्धतीचे, तेही उलथेपालथे करून घ्यावे लागतात. तिथं ग्राफिक कार्डानं मदत झाली असती. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त नऊ हजारांचं उत्तर आधी दिलं आणि फुकटचं दिलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. माझ्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, पुढं सोयीची उर्दू शाळा नाही म्हणून आठवीला मराठी माध्यमात आलेली. प्रश्न विचारला की ती गप्प उभी राहायची. पाच-सात सेकंद. तेवढ्यात दुसरी मुलं उत्तर देऊन टाकायची आणि मी पुढं जायची. तिच्या प्रगतिपत्रकात मी लिहिलं होतं, ‘आकलन मंद.’ मी, जी स्वतः उर्दू माध्यमातून आले. जिच्या बी.एड.च्या सराव पाठावर निरीक्षकांनी ‘विषयज्ञान चांगले, गती कमी’ असा शेरा मारला होता आणि जी तो शेरा वाचून होस्टेलच्या गच्चीवर रडली होती. मी मनातल्या मनात ‘मुसल्लस’चा ‘त्रिकोण’ करत होते, ‘ज़ाविया’चा ‘कोन’ करत होते, आणि मग बोलत होते. गणित मला येतच होतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलीला प्रश्न विचारून फळा पुसायला वळले. मुद्दाम सावकाश पुसला. पाठीमागून उत्तर आलं. बरोबर होतं. प्रगतिपत्रकातला शेरा मात्र छापून गेलेला, तो आता खोडता येत नाही.

मारिओकडं वळते, कारण तिथलं दुखणं निराळंच निघालं. मारिओ हा 1985 चा खेळ. त्याच्या यंत्राची चिप जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्झची. आमचा डबडासुद्धा तिच्यापेक्षा हजारपटींनी वेगाचा, तेव्हा दुभाषी कितीही सावकाश असला तरी इथं अटकण्याचा प्रश्नच नव्हता. मग मी का मरत होते? विद्यार्थिनीनं दोन-तीनदा खेळून पाहिलं, तिला काही वावगं दिसेना. मी म्हटलं, "मला हा घाईत वाटतो गं." ती थबकली. "मॅडम, तुमचा टीव्ही कुठला होता?"

जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं रंगवायचे, आपल्याकडचे आणि युरोपातले पन्नास. मारिओ प्रत्येक चित्राला एक पाऊल अशा हिशेबानं चालतो. जपानी टीव्हीवर सेकंदाला साठ पावलं, आपल्या टीव्हीवर पन्नास. म्हणजे अचलपूरच्या दुपारी मी जो मारिओ शिकले तो मुळातच सावकाश चालणारा होता, त्याची धूनही सावकाश होती. इम्युलेटरनं मला जपानी चाल दिली, माझ्या चालीपेक्षा वीस टक्के जलद. माझे अंगठे अजूनही पन्नासच्या हिशेबानं उडी मारत होते.

इम्युलेटरच्या यादीत ही चाल बदलायची सोय होती, आणि तिथं एक ओळखीचं नसलेलं नाव होतं, डेंडी. हा रशियात 1992 पासून विकला गेलेला व्हिडिओ गेम, असाच तैवानी नकलेचा, पन्नासच्या टीव्हीसाठी जुळवलेला. आमच्या पेटीचा चुलत भाऊच. आपल्याकडच्या पेट्यांच्या नावाची नोंद कुणी ठेवली नाही, रशियावाल्यांनी ठेवली, म्हणून माझी चाल मला त्यांच्या नावाखाली सापडली. डेंडीवर टिक केली आणि पहिली फेरी मी एकाही लाइफशिवाय पार केली. म्हणजे एकही न गमावता. मुलं गप्प. कीबोर्डवर रिमोटची मजा नाही, आणि नव्या सपाट पडद्यावर बटण दाबल्यावर किंचित उशिरा हालचाल होते, एखाद्या चित्राइतका उशीर, सेकंदाचा पन्नासावा-साठावा हिस्सा. तो माझ्या बोटांना अजूनही जाणवतो. पण मशरूमवर आता मी उडी मारते.

हुबेहूब नक्कल किती महाग पडते याचा एक किस्सा तिनं जाता जाता सांगितला. मारिओच्या पुढच्या पिढीचं यंत्र, सुपर निन्टेंडो, त्याची मुख्य चिप साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपासची. बीस्नेस नावाच्या इम्युलेटरच्या लेखकानं ठरवलं की नक्कल तंतोतंत हवी. यंत्रातल्या प्रत्येक चिपनं प्रत्येक ठोक्याला दुसरीशी मेळ राखला पाहिजे. त्यासाठी 3 गिगाहर्ट्झच्या आसपासचं यंत्र लागतं, असं त्यानं 2011 मध्ये लिहिलं. जुने इम्युलेटर त्याच खेळांना शेकड्यांतल्या मेगाहर्ट्झवर चालवत, कारण ते ढोबळ भाषांतर करत आणि जिथं अडेल तिथं त्या खेळापुरती तडजोड करत. मला त्याचा हट्ट आवडला. भावार्थ सांगणं सोपं असतं, शब्द न् शब्द सांभाळून तर्जुमा करताना घाम फुटतो.

आणि एक नाव ऐकून मी दचकले होते, वाईन. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारी ही सोय 1993 पासून आहे. तिच्या नावाचा लांबट अर्थच ‘वाईन म्हणजे इम्युलेटर नव्हे’ असा. ती चिपची भाषा बदलत नाही, फक्त विंडोजच्या चालीरीती लिनक्सला समजावते, म्हणून वेगाचं नुकसान फार होत नाही. मुलानं ते नाव आजीसमोर घेतलं तेव्हा खुलासा मला करावा लागला.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. मुलानं मारिओ कुठून आणला? फुकट उतरवलेला. इम्युलेटर बनवणं गैर नाही, अमेरिकेतल्या कोर्टानं 2000 साली सोनीच्या विरोधात तसा निकाल दिला आहे. पण दुसऱ्याचा खेळ उतरवून घेणं ही वेगळी बाब. मी त्याला रागावणार होते, तेवढ्यात ती पिवळी कॅसेट आठवली. ती तरी कुठं असली होती? आमच्या अब्बांनी पैसे मोजले होते, पण ते नकलवाल्याला. मुलाला म्हटलं, विकत मिळतो का बघ. त्याच्या कंपनीनंच 2016 मध्ये जुने खेळ भरलेली छोटी पेटी काढली होती, आणि आत होता इम्युलेटरच. ती पेटी आता मिळत नाही आणि मारिओ अजून आमच्या कॉम्प्युटरवर आहे. मी खेळते तेव्हा ते मनात येतं.

बाप-लेकाचं बोलणं क्रिकेटवरून सुरू झालं. असरनंतरचा तास आता कधी दीड होतो. मोबाइल रात्री माझ्या उशाशी असतो, तो ठराव मात्र मी सोडलेला नाही.

बकरी ईदला भाईजान आला. जेवणं झाल्यावर मुलांनी त्याला कॉम्प्युटरपुढं बसवलं. मी आधी जाऊन गुपचूप चाल साठवर करून ठेवली होती. पहिल्या मशरूमला तो मेला. दुसऱ्यांदा खड्ड्यात गेला. कीबोर्ड उलटा करून पाहिला, मग आपले हात पाहिले, आणि म्हणाला, "अब वो हाथ नहीं रहे, आपा."

तिसरी लाइफ गेल्यावर मी त्याला सांगितलं.